अंगठ्याची जागा

शेवटच्या साध्या दिवशी बाबा आईच्या सुरीला नवी मूठ बसवत होते. आईची बोटं अलीकडे आखडायला लागली होती आणि बारीक मूठ तिच्या हातात ठरत नसे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून, चष्मा कपाळावर चढवून बाबा लाकूड घासत होते आणि मधूनमधून तिला हाक मारत होते.

"अगं, धर बघू."

"हात ओला आहे माझा."

"ओलाच पाहिजे. कोरड्या हाताने कोण भाजी चिरतं?"

आई मूठ धरायची. बाबा सुरीकडे न बघता तिच्या बोटांकडे बघायचे, मूठ काढून घ्यायचे आणि पुन्हा घासायला लागायचे. बराच वेळ हे चालल्यावर आई वैतागली. "अहो, सुरी आहे ती. राजाची तलवार नाही."

"राजाच्या तलवारीला असली मूठ असती तर त्याचं राज्य गेलं नसतं," बाबा म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचं. बाबांइतकी स्वतःची टिमकी वाजवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांच्यासारखा चहा कुणाला जमत नसे, त्यांच्यासारखी बॅग कुणाला भरता येत नसे. एकदा डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब मोजून "उत्तम" म्हटलं, तर तेवढ्या एका शब्दावर त्यांनी शेजाऱ्यांना महिनाभर पिडलं. फक्त एका गोष्टीबद्दल ते कधी अवाक्षर काढत नसत, आणि तीच गोष्ट जगभर कोट्यवधी लोकांच्या हातात जाऊन आली होती.

त्या दुपारी त्याच गोष्टीसाठी बाबांच्या जुन्या कंपनीकडून एक बाई आल्या. खिशात मावणारा व्हिडिओ गेम कंपनीने बाजारात आणला त्याला चाळीस वर्षं होत होती. जुन्या कारखान्याच्या इमारतीत त्याचं प्रदर्शन भरणार होतं. त्या गेमचा शेवटचा लाकडी नमुना आमच्या घरी आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"तो पाहता येईल का?" त्यांनी विचारलं.

आम्ही तिघांनीही बाल्कनीच्या दाराकडे पाहिलं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून नमुना तिथे खाली अडकवलेला होता. गेली कित्येक वर्षं त्याचं काम तेच होतं.

बाई दाराशी उकिडव्या बसल्या. हात लावायचं धाडस त्यांना होईना.

"उचला की," बाबा म्हणाले. "चावत नाही."

त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. त्यांचे अंगठे आपोआप बाजूंच्या उथळ खोलगटीत जाऊन बसले. "अरे!" त्या म्हणाल्या. बाबांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. नमुना हातात घेणारा प्रत्येक माणूस "अरे" म्हणतो, हे आम्हा दोघांना पाठ होतं.

"प्रदर्शनात याच्याखाली पाटी लागेल," बाई म्हणाल्या. "नाव काय लिहू?"

"नमुना विभाग."

"ते झालं. पण बनवणाऱ्याचं नाव?"

"तेच. नमुना विभाग."

"म्हणजे तुम्हीच ना?"

"तुम्ही चहा घ्या," आई आतून म्हणाली. "मी इतकी वर्षं डोकं फोडून घेतलंय. तुमचं तरी शाबूत राहू दे."

बाई नमुना घेऊन गेल्यावर मी बाबांसमोर बसले. "बाबा, आता तरी लिहू द्या. कारखाना गेला, विभाग गेला. कुणासाठी पाळताय?"

त्यांनी मुठीवरचा भुसा फुंकला. "चहा महाग झालाय हल्ली," म्हणाले आणि हसले.

ते काय म्हणत होते ते मला कळलं, कारण तो नियम मी लहानपणापासून ऐकत आले होते. नमुना विभागात पाच जण होते. कंपनी जी वस्तू काढणार ती आधी हे पाच जण लाकडातून घडवत. एक जण रेखाटन करी, बाबा कोरत, एक जण सरस लावून भाग जोडी, एक रंग देई, एक बटणं आणि स्क्रू बसवी. एकच वस्तू सगळ्यांच्या हातांतून फिरत असल्यामुळे ती कुणा एकाची नव्हे, असं ठरलेलं होतं. जो कोणी तोंडातून "हे मी केलं" असं काढेल, त्याने बाकीच्यांना चहा पाजायचा. पहिल्या वर्षी बाबा इतका चहा पाजून बसले की नियम त्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच काढला होता, असं बाकीचे म्हणत.

"चहाचं राहू द्या," मी म्हणाले. "खरं सांगा. बाकी सगळ्याची बढाई मारता, मग याचीच का नाही?"

ते थोडा वेळ मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"बाकीच्या गोष्टी खऱ्या नसतात ना सगळ्या," ते म्हणाले. "म्हणून सांगाव्या लागतात."

मग त्यांनी आईला हाक मारली. आईने सुरी धरली आणि यावेळी बाबांनी ती काढून घेतली नाही. मुठीला पॉलिश लावलं, वाळायला खिडकीत ठेवली आणि टेबल पुसून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. झोपेतच गेले. घर माणसांनी भरलं, रिकामं झालं. कुणीतरी खिडकी लावायला गेलं तेव्हा बोटाला पॉलिश लागलं. मूठ अजून ओली होती.

*

मी दुसरीत असताना बाबा एके दिवशी रुमालात गुंडाळून लाकडाचा एक ठोकळा घरी घेऊन आले.

त्या काळी व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला वायर जोडून खेळायची गोष्ट होती. टीव्ही ज्याच्या ताब्यात, खेळ त्याच्या ताब्यात. कंपनीच्या मुख्य इंजिनिअरांच्या डोक्यात आलं की खेळ टीव्हीपासून सोडवायचा आणि माणसाच्या खिशात घालायचा. रंगीत पडद्याचा नाद त्यांनी आधीच सोडला होता. साधा, हिरवट, कॅल्क्युलेटरला असतो तसला पडदा घ्यायचा. तो स्वस्त पडतो आणि बॅटरी खात नाही. लांबच्या प्रवासात पोराचा खेळ मध्येच बंद पडला तर तो खेळ काय कामाचा, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपनीतले निम्मे लोक या कल्पनेला हसत होते. बाबा हसले नाहीत. त्यांना एकच प्रश्न पडला होता, की ही वस्तू धरायची कशी.

काम गुप्त होतं. मला त्यांनी बजावून ठेवलं, "कुणी विचारलं तर म्हणायचं, बाबा साबण करतात." ठोकळा दिसायचाही साबणासारखाच. बाजारात आल्यावर त्याला चकचकीत नाव मिळालं, पण आमच्या घरात तो कायमचा साबण राहिला.

मी सांगितल्याप्रमाणे वागले. शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, साबण. पुढच्या पालकसभेत बाईंनी आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरच्या भावात दोन-चार वड्या मिळतील का हो?" आईचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. बाबा त्याच संध्याकाळी दुकानात गेले, चांगल्यापैकी साबण विकत घेतला, वरचे कागद काढून टाकले आणि साध्या कागदात बांधून माझ्याबरोबर पाठवला. बाईंना तो इतका आवडला की वर्षअखेरपर्यंत आम्ही त्यांना साबण पुरवत होतो.

"कारखाना काढला असता तर बरं झालं असतं," आई म्हणायची.

ठोकळ्याचं काम घरी चालायचं, कारण बाबांना हात हवे होते. कारखान्यातले सगळे हात मोठ्या पुरुषांचे, त्यांना कुठलाही ठोकळा चालला असता. बाबा शिसपेन्सिलीची पूड करून समोरच्याच्या तळहातांना चोळत आणि ठोकळा धरायला देत. धरून झाला की लाकडावर काळे डाग उठलेले असत. कुठे भार पडतो, कुठे पोकळ राहतं, ते डागांवरून कळे. मग तेवढं कानशीने घासायचं, डाग पुसायचे आणि पुन्हा पुढचा हात. आईचे हात झाले, शेजारच्या काकूंचे झाले. नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबरसुद्धा त्यातून सुटला नाही. तो पान्याऐवजी लाकूड धरून बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होता. दिव्यांची बटणं, कपाटाच्या कड्या, भिंती, सगळीकडे काळे अंगठे उठले.

"घर आहे की पोलीसचौकी?" आई ओरडायची आणि फडकं घेऊन मागे लागायची.

माझा हात सगळ्यांत लहान. माझा अंगठा मधल्या बटणांपर्यंत पोचतच नव्हता. त्यावर बाबांनी बटणं कडेला सरकवली, बाजू आत घेतल्या आणि अंगठा निजावा अशी उथळ जागा केली. "हिचा अंगठा पोचला की सगळ्यांचा पोचेल," ते आईला म्हणाले. मग एका रविवारी त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि ठोकळा हातात दिला. मी धरला. माझे अंगठे शोधाशोध न करता जागेवर गेले. डोळे उघडले तर बाबा काही बोलत नव्हते. एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा, म्हणून मला वाटलं, काहीतरी बिघडलं.

त्या वेळचा माझा डाग त्यांनी पुसला नाही. तसाच ठेवून वरून पॉलिश फिरवलं. पाच जणांपैकी कुणाचीच सही नसलेल्या त्या लाकडावर दुसरीतल्या मुलीचा एक अंगठा तेवढा राहिला.

*

साबण बाजारात आला त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीने रंगीत पडद्याचा गेम काढला. दुकानाच्या काचेत दोन्ही शेजारी मांडलेले असत, आणि आमचा म्हणजे नवरीशेजारी उभी असलेली गरीब मावशी. बाबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. पण रंगीताच्या बॅटऱ्या भराभर संपत आणि आमची मावशी दिवसच्या दिवस चालत राही. सुट्ट्या लागल्या, लोक प्रवासाला निघाले, आणि दुकानांबाहेर रांगा लागल्या. पुढे साबण आम्ही नकाशावरसुद्धा नीट न पाहिलेल्या देशांत गेला.

पहिल्यांदा आम्ही तो परक्या हातात पाहिला तो बसमध्ये. समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर साबण. वरून पडणारे तुकडे रचायचा खेळ ती खेळत होती. ओठ घट्ट मिटलेले, भुवया चढलेल्या, आणि अंगठे अगदी जिथे असायला हवेत तिथे. बाबा पडद्याकडे बघतच नव्हते. ते तिच्या अंगठ्यांकडे बघत होते. आमचा थांबा आला आणि गेला. मी त्यांची बाही ओढली. त्यांनी माझ्या हातावर आपल्या अंगठ्याने दोनदा हलकेच टिचकी मारली. एवढंच.

तीच आमची खूण झाली. नंतर कुठेही साबण दिसला की दोन टिचक्या. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसाच्या हातात, पार्किंगमध्ये ट्रकच्या पायरीवर बसलेल्या ड्रायव्हरच्या हातात. सांगायला माझी जीभ वळवळायची. वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत साबणाभोवती घोळका करायच्या तेव्हा तर फारच. पण टिचकीत जी मजा होती ती सांगण्यात राहणार नाही, असं वाटायचं, आणि मी गप्प बसायचे.

साबणाविरुद्धही पुष्कळ लिहून आलं. मुलांचे डोळे बिघडतील, मुलं वाया जातील. बाबा ते लेख मोठ्याने वाचून दाखवत. "अंगठे तर सुधारतील!" म्हणत. मी आज ग्रंथालयात काम करते आणि एवढं सांगू शकते, की माझ्या वर्गातली एक मुलगी, जिला धड्यातली ओळ वाचायला सांगितली की रडू यायचं, ती साबणावरच्या एका लांबलचक साहसाच्या खेळामुळे वाचायला शिकली. राक्षस काय म्हणतो ते कळल्याशिवाय पुढचं दार उघडत नसे. तिने त्या राक्षसाचा शब्द न् शब्द वाचला. पुढे ती वकील झाली.

मग रंग आले, पडदे मोठे झाले, यंत्रं पातळ झाली. शेवटी फोन आले आणि खेळ फोनमध्ये गेला. "फोन धरायला केलेला नाही," बाबा म्हणत, "घसरायला केलाय." नमुने कॉम्प्युटर कापू लागला. बाबा ते मशीन बघायला मुद्दाम गेले, त्याची तारीफ करून आले आणि निवृत्त झाले. पाच जणांपैकी एकेक जण गेला. आता फक्त सरस लावणारे काका उरलेत. आम्ही त्यांना सरसकाकाच म्हणतो.

*

बाबा गेल्यावर थोड्या दिवसांनी प्रदर्शनाच्या बाईंचा फोन आला. जपून बोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पाटीचं आता तुमच्यावर आहे. तुम्ही सांगाल ते लिहू."

मी आईला विचारलं. ती नव्या मुठीच्या सुरीने भाजी चिरत होती.

"मला काय विचारतेस? तुम्हा दोघांचं गुपित होतं ते. मी नुसत्या भिंती पुसल्या."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, त्या माणसाने आयुष्यभर नको त्या गोष्टी सांगितल्या आणि हवी ती गिळून टाकली." तिने सुरी खाली ठेवली, मुठीकडे पाहिलं. "पण शब्द त्यांचा आहे. मोडायचा की नाही ते तू बघ."

मला त्यांचं नाव तिथे हवं होतं. इतकं हवं होतं की मी बाईंना फोन लावला, नाव सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "नमुना विभाग." ते हयात असताना मी त्यांचं मन वळवू शकले नव्हते, मग ते नसताना मागच्या दाराने का शिरायचं? फोन ठेवला तरी बरं वाटलं नाही. हा माणूस आता पाटीवर नाही, आणि माझ्या तोंडातही नाही, म्हणजे मग कुठेच नाही.

उद्घाटनाला आई, मी आणि सरसकाका बरोबर गेलो. जुन्या कारखान्याचं मोठं दालन पांढरं रंगवलेलं होतं. काचेच्या कपाटांतून साबण रांगेने मांडले होते. करडे, मग रंगीबेरंगी, मग घडीचे. लोक आपापले जुने साबण घेऊन आले होते. अक्षरं झिजलेली, बॅटरीचं झाकण हरवून तिथे चिकटपट्टी लावलेली. एकमेकांना अनोळखी माणसं नातेवाइकांसारखी बोलत होती. कुणी म्हणे, आजारपणात हाच सोबतीला होता, तर कुणी म्हणे, हा माझ्या भावाचा, त्याने मला कधी हात लावू दिला नाही.

मधोमध एका वेगळ्या काचेत आमचं दाराचं अडणं. वरून दिवा सोडलेला. त्या उजेडात पॉलिशखालचा तो लहानसा काळा अंगठा मला लांबूनच दिसला.

"चांगलं जोडलंय," सरसकाका काचेला नाक लावून म्हणाले. "सांधा दिसतोय कुठे?"

"काका, चहा!" मी म्हणाले.

"मी कुठे म्हटलं मी जोडलं?"

तेवढ्यात एक आडव्या बांध्याचा, पन्नाशीचा माणूस बायकोबरोबर येऊन उभा राहिला. त्याने खिशातून स्वतःचा साबण काढला, दोन्ही हातांत धरला आणि काचेतल्या लाकडाकडे आणि स्वतःच्या अंगठ्यांकडे आळीपाळीने बघत राहिला.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "हीच ती जागा. मी लहान होतो तेव्हापासून माझा अंगठा इथेच जातो. मला कधी न बघता याला माझा हात कसा कळला गं? कुणी केलं असेल हे?"

बायकोने पाटी वाचली. "नमुना विभाग, असं लिहिलंय."

"विभागाला काय हात असतात?" तो म्हणाला. चिडून नाही. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मी सरसकाकांकडे वळले. "काका, तो नियम तुम्हा पाच जणांचाच ना? मला नाही ना लागू?"

काकांनी काचेकडे बोट केलं. "तो अंगठा कुणाचा आहे?"

"माझा."

"मग सहा जण होतो. तुलाही लागू."

आईने पदराने चष्मा पुसायचं सोंग केलं. काका मात्र माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला हसू दिसलं. नियमात बोलायला बंदी कधीच नव्हती. बोलल्यावर काय करायचं, तेवढंच त्यात होतं.

मी त्या माणसाजवळ गेले. त्याच्या हातातला साबण अजून चालू होता, हिरवट पडद्यावर कुणीतरी बारीकसं उड्या मारत होतं. मी हळू बोलणार होते. पण आवाज बाबांवर गेलेला, तो सगळ्या दालनात ऐकू गेला.

"हे माझ्या बाबांनी केलंय. माझ्या बाबांनी! आणि आज सगळ्यांना चहा माझ्याकडून."